तिसऱ्या वल्ह्यानंतर

शिरूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सिंधूबाईचा उजवा हात धरून हळूहळू वर उचलला. तो खांद्याच्या रेषेत यायच्या आतच तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॉक्टरांनी हात खाली सोडला आणि विचारलं, "काय काम करता बाई?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात शेजारी उभा असलेला तिचा नवरा दगडोबा बोलला, "काम न्हाई काय. होडीत बसती माझ्यासंगं."

सिंधूबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. बसती म्हणे! दौंडच्या खाली भीमेचं पाणी धरणाच्या फुगवट्यानं अर्धा-अर्धा कोस पसरलंय, तिथं गेली वीस वर्षं रोज सकाळी दिसू लागलं की त्यांची पत्र्याची होडी पाण्यात जायची आणि उन्हं डोक्यावर आली की काठाला लागायची. मधला सगळा वेळ दोन्ही वल्ही सिंधूबाईच्या हातात असायची. याला नवरा बसणं म्हणत होता. पण भांडायचा तिला कंटाळा आला होता. खांद्याच्या दुखण्यापेक्षा हा कंटाळाच अलीकडं वाढला होता. पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "वल्हं मारते मी."

"किती वर्षं?"

"वीस झाली आसतील."

डॉक्टर दगडोबाकडं वळले. "आता वल्हं बंद. महिना-दोन महिने नाही, कायमचं. नाहीतर या हातानं भाकरीसुद्धा थापता यायची नाही."

कायमचं. हे ऐकून सिंधूबाईला वाईट वाटायला हवं होतं. झाला तो आनंद, आणि तो इतका झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती सारखी खाली बघत होती. आपलं तोंड हसरं दिसलं तर नवऱ्याला काय वाटेल, अशी तिला धास्ती होती.

दोघंही मूळचे मेंढरं राखणारे. धरणाचं पाणी चढलं, चरायची रानं बुडाली, तेव्हा दगडोबानं मेंढरं विकून काठावरच्या भोई मंडळींकडून मासे धरायचं शिकून घेतलं. भोई हसले. मेंढकं आता मासे राखणार म्हणाले. पण दगडोबा चिवट. त्यानं जाळ्याचा नाद सोडून ओढीची दोरी धरली. लांब दोरी, तिच्या टोकाला स्टीलचा चमचा कापून केलेली पाती आणि पातीला गळ. होडी सावकाश चालली की पाती मागनं पाण्यात लकाकत येते आणि मरळ तिला खरा मासा समजून झडप घालते. भिगवणच्या हॉटेलवाल्यांना जिवंत मरळ मिळेल तेवढी कमीच.

होडीच्या मागच्या टोकाला दगडोबा बसायचा, तोंड मागं, दोरीकडं. मधल्या फळीवर सिंधूबाई, तिचंही तोंड मागंच, कारण वल्हं मारणारा माणूस उलटाच बसतो. म्हणजे वीस वर्षं दगडोबानं पाणी पाहिलं, आणि सिंधूबाईनं दगडोबाची पाठ पाहिली आणि पाठीपलीकडची दोरी. त्या काठावर जोड्यानं मासे धरायची हीच रीत होती. पुरुषानं दोरी नाहीतर जाळं धरायचं, बाईनं वल्हं. दगडोबाच्या हाताला यश आहे असं सगळा काठ म्हणायचा. गेल्या पाच-सहा वर्षांत तर फारच म्हणायचा, आणि दगडोबा ते ऐकून मिशीवरून हात फिरवायचा.

आता वल्हं कोण मारणार? एकुलती मुलगी प्रगती कासुर्डीला सासरी. रोजानं माणूस ठेवावा तर त्याचं पोट आधी भरावं लागणार. दगडोबा स्वतः वल्हं मारील आणि दोरी बायकोच्या हातात देईल, हे त्याच्या मनात आलं नाही आणि खरं सांगायचं तर तिच्याही आलं नाही. तेव्हा इंजिन घ्यायचं ठरलं. ते नीट चाललं तर सिंधूबाई सुटली. नाही चाललं तर वल्हं पुन्हा तिच्याच हातात येणार, डॉक्टर काही का म्हणेनात. हे कुणी बोललं नाही, पण तिला ते दोन अधिक दोनाइतकं स्पष्ट होतं.

त्याच दिवशी तिघं शिरूरमध्येच एका जुन्या यंत्रांच्या शेडवर गेले. तिसरा रविराज, दगडोबाच्या बहिणीचा मुलगा. कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत फिटर. रात्रपाळी करून तसाच आला होता आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. शेडचा मालक आण्णा कोकणातून लिलावातला माल आणून विकायचा. त्याच्याकडं होडीच्या शेपटीला लावायची दोन इंजिनं होती. एक आठ घोड्यांचं, काळंभोर, धिप्पाड. दुसरं चार घोड्यांचं, रंग उडालेलं, आठाच्या शेजारी अगदीच केविलवाणं दिसणारं.

रविराजनं दोन्हीची दोरी ओढून बघितली, प्लग काढून बघितले, पंख्याची पाती बोटानं फिरवली. मग म्हणाला, "मामा, चारचं घ्या. आपल्याला पळायचं न्हाई, रांगायचंय."

"लेका, बाजारात बैल घ्याय गेल्यावर बारका बैल कोन घेतंय?" दगडोबा म्हणाला. "मोठ्याला हळू चालवता येतंय. बारक्याला जोरात पळवता येत न्हाई."

"तसं नसतंय ओ मामा. मोठं इंजिन हळू चाललं की आतून काळं पडतं. त्याला पळाया लागतं."

आण्णाला आठाचंच गिऱ्हाईक पाहिजे होतं. तो म्हणाला, "जोरदार वस्तूला मरण नाही पाव्हणं."

सिंधूबाई एका जुन्या टायरवर टेकली होती. मोठा बैल गाडीला जुंपला की त्याला रोखता रोखता गाडीवान दमतो, हे तिला माहीत होतं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती बोलली असती का कुणास ठाऊक. लवकर घरी जाऊन आडवं व्हावं एवढंच तिला वाटत होतं. आठ घोड्यांचं धूड टेम्पोत चढलं आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला येईपर्यंत दगडोबा मागं वळून वळून त्याच्याकडं पाहत राहिला.

रविराजनं सुट्टीच्या दिवशी येऊन इंजिन बसवलं. होडीचा मागचा पत्रा नुसता लपलपत होता. त्याला आतून-बाहेरून बाभळीची फळी लावली, बोल्ट मारले. पंखा होडीच्या बुडापासून किती खाली असावा, इंजिन किती कलतं असावं, हे सगळं त्यानं बोटांनी मोजून केलं. पेट्रोलमध्ये किती ऑईल घालायचं ते बाटलीवर खूण करून दाखवलं. "ही बारीक धार बगा," इंजिनाच्या मागनं पडणारं पाणी दाखवत तो म्हणाला, "ती येती तवर इंजिन जित्तं. थांबली की लगीच बंद करायचं." दगडोबानं मान डोलावली आणि दोरीला हिसडा दिला.

इंजिन भडाडलं. पाण्यातल्या बगळ्यांनी आणि काठावरच्या कुत्र्यांनी एकदमच जागा सोडल्या. रविराजनं ते कमीत कमीवर आणलं, तरी होडी अशी सुटली की मागची पाती पाण्यात राहीना. वर येऊन ती टणाटणा उड्या मारायला लागली. शेजारच्या होडीतून भैरू भोई ओरडला, "दगडोबा, मासं धराय चाललाय का पुन्याला?"

पुढचे तीन आठवडे खटपटीत गेले. होडीच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेल्या बादल्या बांधल्या, त्या पाण्यात ओढल्या जाऊन होडीला मागं खेचाव्यात म्हणून. होडी थोडी हळू झाली, पण इंजिन रडायला लागलं. निळा धूर, प्लग काजळीनं बरबटलेला, आणि भर पाण्यात गप्प. तसं झालं की दगडोबा लांब बांबूनं होडी ढकलत काठाला यायचा. रविराज पाळी संपवून यायचा, प्लग घासायचा आणि जांभया द्यायचा. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मासा एक नाही.

दोन्ही वल्ही घराच्या भिंतीला टेकून उभी होती. जेवता जेवता दगडोबाची नजर एकदा वल्ह्यांवर गेली आणि तिथून बायकोच्या खांद्यावर आली.

"हात कसा हाय आता?" त्यानं विचारलं.

वीस वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला होता, आणि तो कशासाठी आहे हे सिंधूबाईला कळलं. "तसाच हाय," ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.

अखेर रविराजनंच हट्ट धरला आणि मोठं इंजिन परत शिरूरला गेलं. आण्णानं तोंड वाकडं केलं, पण बदलून दिलं. चार घोड्यांचं ते रंग उडालेलं इंजिन फळीवर बसलं आणि मुकाट चालायला लागलं. त्याला बाजूला एक दांडा होता. पुढं केला की पंखा फिरायचा, मधे आणला की इंजिन चालू राहायचं पण पंखा थांबायचा. आता फक्त नेमका वेग साधायचा राहिला. फिटरच तो, त्याला अंदाजपंचे काम चालत नसे.

"मामी," रविराज म्हणाला, "एकदाच. तुमी ज्या चालीनं वल्हवत होता त्या चालीनं त्या वाळल्या बाभळीपास्नं पलीकडच्या बाभळीपतोर जायाचं. मी घड्याळ लावतो. तेवढ्याच येळात इंजिन गेलं पाहिजे."

पाण्यात दोन बाभळी कधीच्या बुडून वाळल्या होत्या. त्यांची टोकं तेवढी वर. सिंधूबाईनं वल्ही धरली. महिना-सव्वा महिन्याच्या विश्रांतीनं हात दुखणं थोडं विसरला होता. पहिल्या ओढीला त्याला सगळं आठवलं. ती ओठ दाबून वल्हवत राहिली. दगडोबा तिच्याकडं पाठ करून दोरी धरून बसला होता, रविराज पुढं बसून घड्याळाचा काटा बघत होता. दुसरी बाभूळ आली. "सात मिन्टं!" तो म्हणाला आणि त्यानं खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. मग स्क्रू इकडं पाव फेरा, तिकडं पाव फेरा करत दुपारपर्यंत त्यानं इंजिनाला बरोब्बर सात मिनिटांवर आणलं. दगडोबानं त्याच्या पाठीत थाप मारली. सिंधूबाई घरी जाऊन पडली ती दुसऱ्या दिवशीच उठली.

आणि तरी मासे येईनात.

वेग तोच, पाणी तेच, पाती तीच, दोरी धरणारा हातही तोच. आठ दिवसांत वीतभर एक मरळ लागली, तीही लाज वाटून सोडून द्यावी अशी. दगडोबानं पातीचा चमचा बदलला. घरातला नवाकोरा चमचा कापला म्हणून सिंधूबाई चिडली. पेट्रोलच्या वासानं मासे पळतात म्हणून तो दोरीला हळद चोळायला लागला. बिरोबाला नारळ फोडला. भैरूच्या हद्दीत जाऊन शिव्या खाऊन आला. घरात तो बोलेनासा झाला. हाताचं यश गेलं, हे त्याला पैशापेक्षा जास्त लागलं होतं, आणि अशा माणसाला समजावणार कोण?

एके दिवशी सिंधूबाई काठावर डाव्या हातानं भांडी घासत होती. पाण्यावरून इंजिनाचा आवाज येत होता, रोजचा, एकसुरी. मधेच तो तुटला. पुन्हा आला. परत तुटला. पेट्रोलमध्ये कचरा गेला असावा. घुर्र करायचं, गप्प व्हायचं, होडी रेंगाळायची, दगडोबा दोरीला हिसडा द्यायचा, पुन्हा घुर्र. सिंधूबाईचा घासणारा हात थांबला. ती त्या आवाजाकडं कान लावून बसली आणि तिच्या खांद्यात, काही न करता, बारीकशी कळ आली.

त्या दिवशी दगडोबानं तीन मरळी आणल्या, एकेक कोपरापर्यंत लांब. "आज हात लागला!" तो आल्या आल्या म्हणाला. संध्याकाळी रविराज येऊन गेला. त्यानं टाकी धुतली, नळी फुंकली, इंजिन पुन्हा गुळगुळीत केलं. दुसऱ्या दिवसापासून मासे बंद.

बिचाऱ्या पोरानं आपलं काम चोख केलं होतं. पण सिंधूबाईला आता लख्ख कळलं होतं. तिचा बाप मेंढरं हाकताना सांगायचा, मेंढरू सरळ चालवत नेलं तर चरत नाही. चार पावलं चालवायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. तिनं वल्हंही तसंच मारलं होतं. ओढलं की पाती वर यायची, सोडलं की हेलकावे खात खाली जायची, आणि मरळ ती खाली जाताना धरायची. तिनं हे वीस वर्षं नवऱ्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं. ती सांगायची गोष्ट आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. रविराजच्या घड्याळात सात मिनिटं आली होती, पण त्या सात मिनिटांतलं थांबणं आलं नव्हतं.

सांगावं का? सांगितलं तर तो म्हणणार, मग तूच चल. नाही सांगितलं तर आज ना उद्या वल्ही भिंतीवरून खाली येणार. दोन्हीकडून तीच. तीन दिवस ती गप्प राहिली आणि त्या तीन दिवसांत तिला नवऱ्याचा राग आला, इंजिनाचा आला, मरळींचाही आला. एवढं मोठं पाणी, एवढे मासे, आणि सगळ्यांना चालवायला माझाच एक खांदा?

चौथ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली तर दगडोबा वल्ही होडीत ठेवत होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, "आजच्या दिवस. हळूहळू मार. हात लागला का परत इंजिन लावू."

"थांबा," सिंधूबाई म्हणाली. "तुमच्या हाताला काय झालं न्हाई. इंजिन सरळ चालतंय म्हून मासं न्हाईत."

"म्हंजी?"

तिनं सांगितलं. बापाचं मेंढरं हाकणं, ओढणं, सोडणं, पातीचं खाली जाणं, त्या दिवशी इंजिन अडखळलं तेव्हाच मासे का आले ते. दगडोबा आधी हसला, मग हसता हसता थांबला. वीस वर्षांचा हिशोब त्याच्या तोंडावर उलटा-सुलटा होताना तिला दिसला.

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

तो बराच वेळ दोरीचा गुंता सोडवत राहिला. दोरीला गुंता नव्हता. मग त्याला सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मग सोपं हाय की! तू नुस्ती इंजिनापशी बस. दांडा पुढं कर, मधी आन. त्याला काय ताकद लागती? डाव्या हातानं बी व्हतंय."

आलं. अगदी तिला वाटलं होतं तेच, तिला वाटलं होतं त्याच शब्दांत. तिच्या तोंडावर नेहमीचं 'बरं' आलंही होतं. ते तिनं गिळलं.

"मी न्हाई येनार."

"आगं, ताकदच लागत न्हाई..."

"हात दमला म्हून न्हाई सांगत," सिंधूबाई म्हणाली. "मी दमले. मला सकाळी निजायचंय. उजाडल्यावर बी निजायचंय. वीस वर्सं झाली, मी ऊन वर आलेलं अंथरुनात्नं बगितलं न्हाई."

दगडोबा तिच्याकडं बघत राहिला. बायको अशी बोलते हे त्याला नवं होतं. मग खाली बघून तो म्हणाला, "मग मला कसं कळायचं? कवा ओढायचं, कवा सोडायचं?"

"वल्ही घ्या," ती म्हणाली. "दोरी मी धरते. आजच्या दिवस."

त्या काठावर हे कुणी पाहिलं नव्हतं. पुरुष वल्ह्यावर आणि बाई शेपटीला दोरी धरून! भैरूनं हातातलं जाळं खाली ठेवलं आणि दोन-चार जणांना हाका मारून दाखवलं. दगडोबाचे कान लाल झाले. पण होडी निघाली.

इंजिन वर उचलून बांधलं होतं. सिंधूबाई मागच्या टोकाला नवऱ्याकडं पाठ करून बसली, जसा तो बसत आला होता. दोरी तिनं डाव्या हातात घेतली होती. पाती कुठं आहे, वर येतेय का खाली जातेय, हे तिला बोटांना कळत होतं. नवऱ्याकडं वळून बघायची गरज नव्हती.

"ओढा. आता सोडा. सोडा म्हनलं की सोडा, पानी खवळू नगा. हां, ओढा."

पहिली बाभूळ यायच्या आधीच तिला मागून धापा ऐकू यायला लागल्या. दगडोबानं वल्हं धरलं नव्हतं असं नाही, पण ते होडी काठाला लावण्यापुरतं. वल्ही वेडीवाकडी पडत होती. एकदा पाणी उडून तिची पाठ भिजली.

"लई जड हाय गं हे," तो म्हणाला.

तिनं दोरीचा एक वेढा बोटाभोवती जास्त घेतला.

"रोज दुपारपतोर?"

"व्हय."

हळूहळू त्याला जमायला लागलं. माणूस हट्टी होता आणि हट्टी माणसं शिकली की पक्कं शिकतात. "आता तीन झाली की थांबा," ती म्हणाली. "एक, दोन, तीन, आन् मग जरा लांब थांबायचं. पाती पार खाली जाऊ द्यायची."

"किती लांब?"

"एक श्वास घ्यायचा, सोडायचा, आन् आनखी आर्धा."

"ते बी मेंढरावरनं का?"

सिंधूबाईनं दोरीकडं पाहिलं. हो म्हणून टाकलं असतं तर चाललं असतं. पण आज खोटं बोलायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

"न्हाई. तिसऱ्या वल्ह्याला खांद्यात कळ यायची. ती जाईस्तोवर थांबायचे मी."

मागं वल्ही पाण्यात पडली ती उठलीच नाहीत. होडी आपल्या वेगानं थोडी सरकली आणि रेंगाळली. "कवापास्नं?" दगडोबानं विचारलं.

"पाच-सा वर्सं झाली."

पाच-सहा वर्षं. मोठमोठ्या मरळी लागायला लागल्या, काठावर दगडोबाचं नाव झालं, हॉटेलवाले त्याला राव म्हणून हाक मारायला लागले, तीच ही पाच-सहा वर्षं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. ती मागं वळली नाही. त्याचं तोंड बघायची तिला भीती वाटत होती आणि त्याची कीवही येत होती.

होडी उभीच होती. पाती खोल, पार खोल जात राहिली. आणि तिथं दोरीला असा हिसका बसला की सिंधूबाई फळीवरून अर्धी उठली.

"वल्हं मारा!" ती ओरडली. "दोरी ढिली पडती, वल्हं मारा की!"

दगडोबा सवयीनं दोरी घ्यायला उठला होता. तो मुकाट खाली बसला आणि वल्ह्याला भिडला. सिंधूबाईनं डाव्या हातानं आणि गुडघ्याखाली दोरी दाबून ती मरळ आत घेतली. मरळ होडीच्या बुडाशी थडाथडा आपटत राहिली, पण दोघंही तिच्याकडं बघत नव्हते. दगडोबा आपले तळहात बघत होता. दोन्हीकडं पाण्याचे फोड आले होते आणि उजवीकडचा एक फुटला होता.

माफी वगैरे त्याच्या तोंडात बसणारी गोष्ट नव्हती, आणि सिंधूबाईनं तिची वाटही पाहिली नाही. संध्याकाळी त्यानं तिच्या तेलाच्या बाटलीतलं थोडं तेल हाताला चोळलं. मग वल्ही होडीतून काढून आणली आणि भिंतीला न टेकवता घराच्या आढ्याला, चांगली उंच, दोरीनं घट्ट बांधून टाकली. तिचा हात काय, त्याचा स्वतःचाही तिथं सहज पोचला नसता.

दुसऱ्या दिवशी सिंधूबाईला जाग आली तेव्हा ऊन दारातून आत आलेलं होतं. नवऱ्यानं उठवलं नव्हतं. चुलीवर त्यानं स्वतः केलेला चहा थोडा उरला होता, गार आणि साय धरलेला. ती तशीच पडून राहिली. उठायला काही कारण नव्हतं, आणि कारण नसणं म्हणजे काय हे अंगाला कळायला थोडा वेळ लागत होता.

पाण्यावरून इंजिनाचा आवाज आला. दांडा पुढं केला की तो जड व्हायचा, मधे आणला की हलका. पहिल्यांदा त्याचं चुकलं. दोनच ओढी झाल्या आणि थांबला. सिंधूबाई अंथरुणावर उठून बसली. पुन्हा चुकलं. तिचा उजवा हात आपोआप गोधडीवर घट्ट आवळला गेला. मग जमलं.

एक. दोन. तीन.

आणि मग तो थांबला. एक श्वास घेऊन, सोडून, आणखी अर्धा. तिची कळ जायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच. ना कमी ना जास्ती.

सिंधूबाई पुन्हा आडवी झाली. बाहेर तिची सहा वर्षांची कळ तशीच्या तशी पाण्यावरून चालली होती, आणि तिचा हात शेजारी उन्हात नुसता पडला होता. एक. दोन. तीन. आवाज पुन्हा हलका झाला. तो परत जड व्हायची वाट बघता बघता तिला झोप लागली.